टाकीच्या पट्टीखालचा हात

आमच्या ट्रॅक्टरचं पाणी उकळायला लागलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. माझा मुलगा म्हणायचा, विकून टाकू. माझी सून म्हणायची, हेडचं गॅस्केट गेलंय, मी बदलते. रोज जेवायला बसलं की हेच. भाजीत मीठ विसरलं तरी कुणाच्या ध्यानात येत नसे. मीच एकटी ती अळणी भाजी खात बसायची.

मला ट्रॅक्टरचं प्रेम नव्हतं. बैल निदान हाक मारली तर मान वळवतो. पण नवरा गेल्यापासून ट्रॅक्टर माझ्या नावावर होता, म्हणून दोघंही माझ्या तोंडाकडे बघून भांडायचे.

सुनेनं वाशीमला आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचं शिक्षण घेतलेलं. लग्न जमवताना तिच्या बापानं ही गोष्ट शेवटी, आवाज खाली करून सांगितली होती, जसं पोरीला जाड चष्मा आहे हे सांगतात. ट्रॅक्टर तीच चालवायची. माझ्या मुलाची ट्रॅक्टरवर बसलं की कंबर धरते आणि पारावर बसलं की सुटते. त्याला त्याऐवजी शेलूबाजारच्या रोडवर जीप चालवायची होती. जीपची सीट मऊ असते म्हणे.

दिवस हळदीचे होते. सून ट्रॅक्टरला पॉलिशचा ड्रम जोडून लोकांची वाळलेली हळद पॉलिश करून द्यायची. ट्रॅक्टर गेला असता तर तिला लग्न होऊन आली तेव्हासारखं पुन्हा दुसऱ्याच्या वावरात वाकून हळद वेचायला जावं लागलं असतं. हे ती बोलायची नाही. पण विकायचं नाव निघालं की भाकरी अशी थापायची की परात जागची हलायची.

एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "माय, मालेगावचा तो व्यापारी उद्या येऊन राह्यला. तू फकस्त हो म्हण."

सून म्हणाली, "आई, मले उद्या दुपारलोक द्या. हेड मी घासून ठेवलं, गॅस्केट आणलं. फकस्त आवळायचं राह्यलं."

मी म्हटलं, "येऊ दे त्याले. त्याच्यापुढंच सुरू करू. पाणी उकळलं त विकू, नाई उकळलं त ठेवू. आता मीठ द्या इकडं."

असा तो निकाल झाला.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण. झाकण आणि खालचं धड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो गॅस्केट. तो जळला की आतला जाळ पाण्यात शिरतो आणि रेडिएटर चहाच्या भांड्यासारखा उसळतो. झाकण बोल्टांनी आवळायचं असतं. मला वाटायचं, आवळायचं म्हणजे आवळायचं. त्यात शिकायचं काय?

दुसऱ्या दिवशी सून सकाळीच शेलूबाजारला गेली आणि तिनं हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याकडून टॉर्क पाना मागून आणला. टॉवेलात गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन. अंगणात आमचे भाऊजी बसलेले होते. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. शेजारीच राहतात आणि आमच्याकडेच बसतात. सून त्यांना मामाजी म्हणते.

"आणलं का बाळ?" भाऊजी म्हणाले. "कोणावर गेलं?"

"मामाजी, हात नका लावू. पडला त बिघडते," सून म्हणाली.

"एवढा नाजूक? मंग लोखंडाचा कायले केला?"

पाना हातभर लांब. मुठीपाशी आकडे कोरलेले. मूठ फिरवून पाहिजे त्या आकड्यावर आणायची. मग बोल्ट ओढत न्यायचा. तेवढा जोर झाला की पाना आतून 'कट' म्हणतो आणि हाताला जरासा झोल देतो. तिथं थांबायचं.

माझा मुलगा बाजेवर आडवा होता. तो म्हणाला, "मी आजपर्यंत हाताच्या अंदाजानंच आवळले. कोणी बोललं का?"

"ट्रॅक्टर बोलून राह्यला ना," सून म्हणाली.

मी विचारलं, "काहून वं, जास्त घट्ट केलं त चांगलंच ना?"

ती म्हणाली, "नाई आई. जास्त ओढलं त बोल्ट लांबते, हेड वाकते. कमी ओढलं त पाणी शिरते. सगळे सारखे पाह्यजे. अन् मधातून सुरू करून बाहेर जायचं, एक इकडचा, एक तिकडचा."

हे मला पटलं. बाज विणताना एकाच बाजूची दोरी ओढत गेलं तर बाज तिरपी होते आणि झोपणारा रात्रभर घरंगळत राहतो. ज्या बाजेवर माझा मुलगा पडला होता ती त्यानंच विणलेली होती. तो तिच्या एका कोपऱ्यात गोळा झालेला होता.

सुनेनं बोल्टांच्या आट्यांना तेलाचं बोट लावलं आणि पहिली, हलकी फेरी सुरू केली. पण कट ऐकू येईना. पुढच्या आठवड्यात तिच्या भावाचं लग्न होतं आणि तिनं हिरवा चुडा भरलेला. पाना ओढला की कोपरापर्यंत बांगड्या वाजायच्या. तिनं बांगड्यांवर रुमाल बांधला. रुमाल सुटला.

"दे इकडं," भाऊजी म्हणाले. "तुया हातात बाजार भरला. मी ओढतो, तू ऐक."

भाऊजींनी जन्मभर शेलूबाजारला मापाऱ्याचं काम केलं. धान्य मोजून द्यायचे. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तसे ते बोल्ट आवळायला लागले. पहिला बोल्ट कट झाला की गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "लाभ." मग, "दोन." मुलगासुद्धा बाजेवर उठून बसला. मलाही बरं वाटलं. काम कसं वाजतगाजत चाललं होतं.

सुनेचा चेहरा मात्र वाकडा झाला.

"मामाजी, कट झाल्यावर तुमी अजून काय करून राह्यले?"

"वरचं टाकून राह्यलो."

"वरचं काय?"

"अवं, माप भरलं की वर मूठभर टाकाव लागते. कोऱ्या मापानं मोजलं त घेणाऱ्याचं मन भरत नाई. आजवर मी वरची मूठ टाकल्याबिगर माप सोडलं नाई."

प्रत्येक बोल्टाला त्यांनी कट झाल्यावर आणखी एक ओढ दिली होती. काही बोल्टांना, माणूस पाहून द्यावं तसं, दोन दोन.

"हे धान्य नाई, मामाजी."

"कोणाले थोडं जास्त गेलं त पुण्यच लागते."

"इंजिनले पुण्य नाई लागत. हेड वाकते."

भाऊजींना ते फार लागलं. म्हणाले, "अख्ख्या बाजारात माह्या मापाले कोणी नाव ठेवलं नाई."

मी म्हटलं, "ठेवतीन कसे? त्याईले फुकट भेटत होतं."

सगळे बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. सून म्हणाली, पहिलीच फेरी होती म्हणून निभावलं. शेवटच्या फेरीत गॅस्केट एकदा दबलं की परत सैल करायचं नाही, केलं तर ते गेलं समजायचं. दुसरं गॅस्केट घरात नव्हतं. भाऊजींना बाजेवर बसवलं आणि दोन्ही हात मांडीखाली ठेवायला लावले. तोंडानं मात्र ते मोजत राहिले. ते बंद करणं कुणाच्या हातात नाही.

बाकी सगळे बोल्ट सरळ झाले. राहिला तो मागचा, डिझेलच्या टाकीखालचा. तो कुठून दिसत नाही. पान्याच्या तोंडाला लांब दांडी लावून, टाकीच्या फटीतून खाली सोडली की दांडीच्या टोकाची गोटी, म्हणजे लोखंडी टोपण, बोल्टावर बसते. बसते म्हणजे बसल्यासारखी वाटते. ओढलं की तिरपी होऊन निसटते, आणि तिरपं ओढलं तर आकडा खोटा येतो. म्हणून कुणीतरी बाजूनं हात घालून गोटी बोल्टावर सरळ धरायला पाहिजे होती.

तिथं टाकीला आधार देणारी लोखंडी पट्टी होती. पट्टीखालून जायला एक भोक. मुलाचा हात मनगटाशीच अडला. भाऊजींचा पंजा म्हणजे सूप, तो विचारायलाच नको. सुनेचा हात बारीक, पण चुडा. भरलेला चुडा फोडल्याशिवाय निघत नाही, आणि भावाच्या लग्नाआधी फोडायचा नाही. शिवाय तिला वर दोन्ही हातांनी पाना ओढायचा होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात वाळक्या शेंगेसारखा, आणि नवरा मेल्यापासून त्यात बांगडी नाही. म्हातारा गेल्याचा हा पहिला उपयोग.

मी उलट्या बादलीवर उभी राहिले, गाल टाकीला लावला आणि हात आत घातला. सहज गेला. गोटी हाताला लागली, ती मी बोल्टावर दाबून धरली.

"सरळ हाय का, आई?"

"सरळच हाय. तू ओढ."

ती ओढायची, गोटी माझ्या मुठीत फिरायची. आकडा वाढवून पुन्हा. शेवटच्या फेरीला सगळे गप्प झाले. भाऊजीसुद्धा. माझा कान टाकीला होता, मला सगळ्यांत आधी ऐकू आलं. कट.

"झालं," मी म्हटलं. "आता बाहेर काढ मले."

सून म्हणाली, "तुमचाच हात हाय ना आई, काढा."

हात निघेना.

जाताना सहज गेलेला हात येताना अंगठ्याच्या मुळाशी अडला. मी फिरवून बघितला, आखडून बघितला, एकदम ओढून बघितला. नाही. सुनेनं खाली वाकून मोबाइलचा उजेड टाकला.

"काय झालं वं?"

"ती टाकीची पट्टी याच बोल्टाखाली दाबली जाते, आई. बोल्ट आवळला तशी पट्टी खाली आली. भोक लहान झालं."

म्हणजे मी स्वतःच गोटी धरून, सरळ आहे सरळ आहे म्हणत, स्वतःवर दार लावून घेतलं होतं.

"वहिनी, मूठ सोडा," भाऊजी बाजेवरून म्हणाले. "माकड बी मूठ न सोडल्यानंच सापडते."

"मूठ कवाच सोडली. मुठीत काय तुमचं पुण्य धरून बसली का मी?"

मुलानं पाना उचलला. "बोल्ट सैल करतो अन् मायचा हात काढतो. सोपं काम हाय."

सोपंच होतं. बोल्ट सैल केला की पट्टी वर, हात बाहेर. पण गॅस्केट वाया, पाणी उकळणार, ट्रॅक्टर मालेगावला. सून पान्याकडे बघत होती, नवऱ्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, दुखून राह्यलं काय? दुखत असन त सैल करतो." तिचा आवाज अगदी कोरडा होता. ती सासूच्या हातासाठी ट्रॅक्टर सोडायला तयार झाली होती, पण मनापासून नाही. मनापासून असं कुणी म्हटलं असतं तर मला ते खोटंच वाटलं असतं.

मी मुलाला म्हटलं, "पाना खाली ठेव. हात माहा हाय."

नेमका तेव्हाच व्यापारी आला. गाडी फाटकाबाहेर उभी करून आत आला तर त्याला काय दिसलं? एक म्हातारी बादलीवर उभी, ट्रॅक्टरच्या टाकीला गाल लावून, हात आत घालून घट्ट बिलगलेली. त्यानं चपला काढल्या. अगदी हळू माझ्याजवळ आला.

"मावशी," तो म्हणाला, "रडू नका. मी समजतो. मालक गेले, ही त्याईची आठवण. पण मी चांगल्या घरीच देईन."

"मी रडून नाई राह्यली."

"मन मोकळं करा मावशी. मी थांबतो."

"अरे बाप्पा, हात अडकला माहा."

त्यानं वाकून बघितलं. मग उभा राहून मुलाला म्हणाला, "ट्रॅक्टर घेतो, पण मावशी काढून द्या."

त्यानंतर सगळ्यांना उपाय सुचले. मुलानं गोडंतेल ओतलं. ते माझ्या हाताऐवजी पायावर आलं आणि मी बादलीवर घसरायला लागले. भाऊजी म्हणाले, वहिनींना थोडं उपाशी ठेवा. व्यापारी पूर्वी बैलांचे सौदे करायचा. म्हणाला, बैलाचा पाय फटीत अडकला तर आम्ही त्याचं ध्यान दुसरीकडे नेतो, बैल आपोआप पाय काढतो. आणि माझं ध्यान दुसरीकडे नेण्यासाठी मला विचारलं, "मावशी, तुमचं माहेर कोणतं?"

मी म्हटलं, "शिरपूर. अन् तिथं कोणी ट्रॅक्टरले हात लावत नाई."

सून मात्र घरात गेली आणि प्लास्टिकची एक पातळ पन्नी आणि भांडी घासायचा साबण घेऊन आली. पन्नी फाडून तिनं माझ्या मनगटाभोवती गुंडाळली, साबण चोळला आणि तिचा काठ बोटानं थोडा थोडा पट्टीखाली सरकवला.

"अंगठा तळहातात घाला, आई. बांगड्या भरताना घालता तसा."

"मले विसर पडला."

"हाताले नाई पडत."

खरंच नव्हता पडला. अंगठा आत गेला, हाडं एकावर एक आली. तिनं मनगट धरून हलके हलके फिरवलं, ज्या तऱ्हेनं कासारीण चार गोष्टी बोलत, हसवत, बाईला कळू न देता हात दाबते. फक्त सून हसवत नव्हती. हात निघाला. अंगठ्याच्या मुळाशी सालटं गेलेलं, कोपरापर्यंत काळा ग्रीस, आणि वर साबणाचा फेस. व्यापारी म्हणाला, वासरू जन्मल्यासारखं वाटलं.

मग पाणी भरून ट्रॅक्टर सुरू केला. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं आणि आम्ही सगळे त्यात डोकावून उभे राहिलो, जसं विहिरीत काही पडल्यावर बघतात. पाणी शांत होतं.

मग एक बुडबुडा आला.

"उकळलं," मुलगा म्हणाला.

"आतली हवा हाय ती," सून म्हणाली. "सुरुवातीले निघतेच."

"मायनं बुडबुड्याचं काही सांगितलं नव्हतं. उकळलं त विकू म्हणली होती."

"एका बुडबुड्याले उकळणं म्हणतेत काय?"

आता सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. माझा हात दुखत होता आणि गालावर डिझेलचा वास बसला होता. मी व्यापाऱ्याला म्हटलं, "तू ट्रॉली जोड अन् शाळेच्या चढावरून नेऊन आण. घेणारा तू, तूच पाह्य."

तो गेला. बराच वेळ आलाच नाही. मुलगा म्हणाला, बंद पडला असेल. भाऊजी म्हणाले, घेऊन पळाला असेल. सून टॉर्क पाना पुसत राहिली. इतका पुसला की आकडे निघून जातात की काय असं मला वाटलं.

व्यापारी आला तो ट्रॉलीत दोन बाया आणि त्यांच्या हळदीची पोती घेऊन. वाटेत त्यांनी हात दाखवला म्हणे, म्हणून घेतलं. त्यांना वाटलं, आमचा ट्रॅक्टर दुरुस्त झाला आणि पॉलिश सुरू झाली. त्यानं उतरून रेडिएटरवर हात धरला. वाफ नाही, बुडबुडा नाही. पाणी गरम, पण जागच्या जागी.

"असा ट्रॅक्टर मले पाह्यजेच होता," तो म्हणाला. "मावशी, आता तर मी घेतोच."

"आता तर तुले देतच नाई. बोली तशीच होती."

तो ऐकून घेणारा माणूस होता. चहा पिऊन निघाला. माझा मुलगा त्याच्याच गाडीत मालेगावला गेला, जीप बघायला. बघायला पैसे लागत नाहीत. सुनेनं त्याला जाताना दळण आणायला सांगितलं. हसली नाही, पण डबा हातात देताना त्याच्या शर्टाला ग्रीस लावला. चुकून लावला असं ती म्हणते.

ट्रॉलीतल्या बाया पोती उतरवायला लागल्या तेव्हा सून मला म्हणाली, "आई, एक सांगायचं राह्यलं. इंजिन एकदा गरम होऊन थंडं झालं की सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासाव लागतेत. उद्या सकाळी. गॅरेजवाल्याले मी फोन केला, पाना उद्यालोक ठेव म्हणला."

"सगळे?"

"सगळे."

"तो मागचा बी?"

तिनं खाली बघितलं. "पट्टीले मी आता कानशीनं खाच पाडतो. हात आरामात निघन."

"मंग आज काहून नाई पाडली?"

"आज कुठं माहीत होतं, तुमचा हात आतच राह्यन म्हणून."

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखालून काढून बंडीच्या खिशात घातले आणि उद्या आपल्याला पहाटेच्या बसनं बाहेरगावी जायचं आहे असं सांगितलं. कुठल्या गावी, ते त्यांना आठवेना.

मी सुनेला म्हटलं, "खाच मोठी पाड. अन् उद्या मी आधी जेवून घेतो, मंग हात घालतो."

ती कानस शोधायला गेली.